कूड : गावाच्या नावावर मिळणारे अंथरूण

सुट्टी लागली की मुंबईकर गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्कामाची काही निराळी जागा शोधू लागतो. शतकापूर्वी तोच किनारा सोडून आलेला गोवेकर मुंबईत पाठ टेकायला जागा शोधत असे. ती त्याला गिरगावलगतच्या धोबीतलावात सापडे. तिचे नाव कूड. कोकणीत कूड म्हणजे खोली.

गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते, पोट मात्र ब्रिटिश मुंबईवर चाले. आचारी, वादक आणि सर्वांत जास्त बोटीवरचे खलाशी येथे येत. एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत महिनोन्‌महिने जात. त्या काळात पगार नसे. हॉटेल परवडणे शक्यच नव्हते. म्हणून गावोगावच्या लोकांनी आपापली कूड थाटली. भिंतीलगत ट्रंकांची रांग, जमिनीवर अंथरुणे, एका बाजूला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना.

हिला धर्मशाळा म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. धर्मशाळा अनोळखी वाटसरूसाठी असते. कुडीत गाव विचारले जाई, काही ठिकाणी जातही. स्त्रियांना तर प्रवेशच नव्हता. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गिरणी कामगारांच्या गाववार खोल्या याच वळणाच्या. तिथे पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूस बदले.

धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत काही कुडी आजच्या काळापर्यंत टिकल्या. खलाशी बोटीवर गेला तरी त्याची ट्रंक तिथेच भिंतीशी राही.