जुन्या डिझेल मोटारींतील विद्युत दोष

यांत्रिक इंधनपंपावर चालणाऱ्या, म्हणजे सर्वसाधारणपणे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या रचनेच्या डिझेल मोटारींमध्ये बॅटरी, स्टार्टर (बोलीभाषेत 'सेल्फ'), अल्टरनेटर, ग्लो प्लग, इंधनबंद सोलेनॉइड व वायरिंग यांत उद्भवणाऱ्या बिघाडांना जुन्या डिझेल मोटारींतील विद्युत दोष म्हणतात. डिझेल इंजिनात इंधन ठिणगीने नव्हे, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. त्यामुळे अशा गाडीच्या इंजिनाला वीज मुख्यत्वे चालू होताना आणि बंद होताना लागते. मधल्या काळात ते जवळजवळ विजेवाचून चालू शकते. बिघाड कोणत्या क्षणी दिसतो, यावरून त्याची जागा बरीचशी ठरते. पेट्रोल गाडीच्या सवयीने तपासणी केल्यास मात्र सुस्थितीतील बॅटरी किंवा स्टार्टर बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील संदर्भ

या परिसराचा डिझेल मोटारींशी उत्पादक म्हणूनही संबंध आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि फ्रान्सची प्युजो यांच्या 'पॅल-प्युजो' या संयुक्त कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यात कल्याण येथील कारखान्यात 'प्युजो ३०९' ही गाडी तयार केली. तिच्या डिझेल आवृत्तीत १,५२७ घनसेंमी क्षमतेचे 'टीयूडी५' इंजिन होते. कामगार संघर्षासह अनेक अडचणींमुळे हे उत्पादन अल्पकाळातच थांबले. तथापि त्याच मालिकेचे इंजिन पुढे मारुतीच्या झेन व एस्टीम या गाड्यांच्या डिझेल आवृत्त्यांत वापरले गेले. याखेरीज डिझेल अँबेसेडर, टाटा सुमो (१९९४) आणि टाटा इंडिका (१९९८) या गाड्याही ठाणे (एमएच ०४) व कल्याण (एमएच ०५) येथील नोंदणीक्रमांकांसह रस्त्यांवर दिसत असत.

दोषांची स्थानिक कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे हवा. ठाण्याची खाडी व उल्हास नदीचे मुख यांमुळे वातावरण दमट व काही भागांत खारट असते, आणि जून ते सप्टेंबर या काळात तांब्याच्या तारा व टर्मिनल यांवर हिरवट-पांढरा थर लवकर धरतो. दुसरे कारण लोकांच्या प्रवासाच्या सवयीत आहे. येथील बहुसंख्य नोकरदार लोकलने मुंबईस जातात. गाडी आठवडाभर सोसायटीच्या आवारात उभी राहते किंवा केवळ स्थानकापर्यंत जाऊन येते. डिझेल इंजिन फिरवताना खर्च झालेला विद्युतभार दोन-तीन किलोमीटरच्या प्रवासात भरून निघत नाही. अर्धवट भारित राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता कायमची घटते. उभ्या गाडीतील वायरी उंदीर-घुशी कुरतडतात, ही तक्रारही नेहमीची आहे.

इंजिन चालू न होणे

डिझेल इंजिनातील संपीडन गुणोत्तर जास्त असते. अप्रत्यक्ष अंतःक्षेपणाच्या जुन्या इंजिनांत ते २० ते २३ : १ च्या आसपास आढळते. साहजिकच स्टार्टरला पेट्रोल गाडीपेक्षा बराच अधिक प्रवाह लागतो आणि जोडणीतील किरकोळ रोधही अडथळा ठरतो. पूर्ण भारित बॅटरीचा विरामावस्थेतील दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टपर्यंत उतरल्यास बॅटरी जवळजवळ रिकामी समजतात. इंजिन फिरवताना हा दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

मोजमापक नसल्यास पुढचे दिवे लावून किल्ली फिरवण्याची जुनी पद्धत पुरेशी बोलकी आहे. दिवे पूर्ण विझल्यास बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल असते. दिवे मंदावून केवळ 'टक्' असा आवाज आल्यास स्टार्टर किंवा त्याच्या जाड केबलवर संशय जातो. दिवे तसेच प्रखर राहून काहीच न घडल्यास किल्लीच्या स्विचपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंतचा मार्ग तपासतात.

सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. ती गंजली किंवा तुटली, की स्टार्टरचा प्रवाह परतण्यासाठी दुसरा मार्ग शोधतो. अशा वेळी क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरची तार तापते, प्रसंगी तिच्यातून धूरही येतो. हे लक्षण दिसल्यावर बॅटरी बदलणे व्यर्थ होय. निश्चितीसाठी कोणीतरी इंजिन फिरवत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा धातूचा भाग यांतील दाब मोजतात. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेल्यास अर्थिंगमध्ये दोष आहे हे निश्चित.

इंजिन नीट फिरूनही पेट घेत नसल्यास ग्लो प्लग (मिस्त्रींच्या भाषेत 'हीटर') व इंधनबंद सोलेनॉइड उरतात. ग्लो प्लगचा रोध थंड असताना जेमतेम एक ओहमच्या आसपास असतो. अनंत रोध दाखवणारा प्लग निकामी समजतात. ठाण्याच्या उबदार हवेत एखादा प्लग निकामी झाल्याचे महिनोन्‌महिने जाणवत नाही. तीच गाडी जानेवारीत माळशेज घाट ओलांडून जुन्नरला मुक्कामी गेली, की सकाळी पांढरा धूर सोडत अडून बसते.

चालता चालता बंद पडणे

फिरत्या वितरक-पंपाच्या गाड्यांत सोलेनॉइडला वीज मिळत असेतोवरच इंधनाचा मार्ग उघडा राहतो. त्याची बारीक तार तुटल्यास किंवा टोक सैल झाल्यास इंजिन दिवा मालवावा तसे एकाएकी थांबते. आचके देत, शक्ती गमावत थांबणारे इंजिन बहुधा इंधनात हवा शिरल्याचे वा गाळणी तुंबल्याचे सूचित करते; तेथे वायरिंग उसकून उपयोग नसतो. बॅटरी पूर्ण मृत असल्यास सोलेनॉइड उघडत नाही, म्हणून अशी गाडी धक्का मारूनही चालू होत नाही. ओढतारेने इंजिन बंद करण्याची सोय असलेल्या अधिक जुन्या गाड्यांना ही मर्यादा नाही.

भारण व गळती

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब अपेक्षित असतो. तो कमी असल्यास प्रथम पट्ट्याचा ताण, मग कार्बन ब्रश व नियंत्रक पाहतात. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरील बॅटरीचा दिवा लागतच नसल्यास तो छोटा बल्बही तपासावा लागतो. अनेक रचनांत अल्टरनेटरला आरंभीचा प्रवाह त्यातूनच मिळतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा निर्वात-पंप अल्टरनेटरच्याच अक्षावर बसवलेला असतो. त्याच्या सीलमधून झिरपलेले तेल कार्बन ब्रश निकामी करते, आणि अल्टरनेटर काढ-घाल करताना नळी सैल राहिल्यास ब्रेक जड होतात.

एका रात्रीत बॅटरी उतरत असल्यास सर्व उपकरणे बंद करून ऋण टोकाशी अँपिअरमापक जोडतात. सुमारे ५० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह आढळल्यास एकेक फ्यूज काढून दोषी मंडल शोधले जाते. सर्व फ्यूज काढूनही गळती कायम राहत असेल, तर अल्टरनेटरच्या डायोडकडे पाहावे लागते. इंजिन चालू असताना बॅटरीची जोडणी काढून अल्टरनेटर 'पारखण्याची' रस्त्यावरची रीत मात्र घातक आहे. दाबाच्या उसळीने डायोड जळतात.

पुराचे पाणी शिरलेली गाडी

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत, तसेच जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूर पट्ट्यात पाणी भरले होते. पाण्यात बुडालेल्या डिझेल गाडीचा स्टार्टर फिरवून पाहणे सर्वांत मोठी चूक ठरते, कारण सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही व कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. त्यानंतर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून पाणी बाहेर काढले जाते. इंजिनाच्या खालच्या बाजूस असलेला स्टार्टर उघडून वाळवावा लागतो आणि फ्यूजपेटी व जोड स्वच्छ करावे लागतात. जोडांतील गंज कित्येकदा काही महिन्यांनी डोके वर काढतो.

नोंदणी-नूतनीकरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, आणि त्यासाठी गाडी तपासणीस उभी करावी लागते. दिवे, इंडिकेटर, हॉर्न व वायपर यांतील दोष येथे अडचणीचे ठरतात. इंडिकेटरसोबत मागचा ब्रेकचा दिवाही लुकलुकत असल्यास बल्ब बदलण्याऐवजी मागील दिव्याच्या अर्थिंगचा स्क्रू काढून, जागा खरवडून पुन्हा घट्ट बसवणे बहुधा पुरेसे होते. जळणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज वा तांब्याची तार घातल्यास फ्यूजऐवजी वायरिंग पेटते.