घोडनवरी

माझ्या आजीचं लग्न १९२६ साली झालं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मांडवात बायका कुजबुजल्या, ‘घोडनवरी आहे हो!’ आजी हे आम्हाला हसत सांगायची. सोळाव्या वर्षी घोडनवरी? लहानपणी मला याचं फार नवल वाटे.

‘घोड’ म्हणजे वाजवीपेक्षा मोठं. घोडचूक म्हणतो ना, तसं. अंगाने वाढलेल्या पोराला ‘एवढा घोडा झालास’ असं आपण सुनावतोच. म्हाताऱ्या वराला घोडनवरा म्हणत, पण ती थट्टा. मुलीच्या बाबतीत तो ठपका असे आणि तिच्यापेक्षा तिच्या बापाला जास्त लागे. पांढरपेशा घरांत मुलगी न्हातीधुती होण्याआधी उजवली पाहिजे, असा दंडकच होता. या एका शब्दाच्या धाकाने किती पोरी बिजवराच्या गळ्यात बांधल्या गेल्या! देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं, ते याच दुखण्यावर.

कायदा मागून आला, तोही रखडत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारा केली, तर केवढं रण माजलं! टिळकांचाही त्याला विरोध होता. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्यात मुलीचं वय चौदा. लोक त्याला ‘शारदा कायदा’ म्हणत. देवलांच्या नायिकेवरून नव्हे बरं का, अजमेरच्या हरबिलास सारडांनी ते विधेयक मांडलं म्हणून. १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झालं. आजीला ज्या वयात घोडनवरी म्हटलं, त्या वयात मुलीचं लग्न लावून देणं आज गुन्हा आहे.

पण आजीला उशीर का झाला? पणजोबा मास्तर. पोरगी व्हर्नाक्युलर फायनल होईपर्यंत स्थळ बघायचं नाही, हा त्यांचा हट्ट. भावकीने त्यांना दोन वर्षं पंगतीला बोलावलं नाही. आजोबा १९३९ साली गेले. आजी फायनल पास होती, म्हणून तिला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली आणि चार पोरं वाढली.

पुढे आत्याचं लग्न ठरलं, तेव्हा ती चोवीस वर्षांची. शेजारच्या एका बाईंनी तोच शब्द काढला. आजीने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, ‘अहो, आमच्याकडे चालच आहे ती.’