फाईल : एका सुताची वंशावळ

कारकुनाच्या टेबलावर फाईल असते, फिटरच्या हत्यारांत फाईल असते, पलटणीत फाईल असते आणि बुद्धिबळाच्या पटावरही ती असते. इंग्रजीतला हा साधा शब्द ज्याच्या त्याच्या धंद्यात निराळा अर्थ घेऊन वावरतो. हे सारे अर्थ एकाच घरचे आहेत काय, हे त्यांचा इतिहास पाहिल्यावाचून कळत नाही.

लॅटिन भाषेत 'फिलुम' म्हणजे सूत. त्यापासून झालेला शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला. युरोपातील कचेऱ्यांत पूर्वी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवीत. ती माळ म्हणजे फाईल. एकामागे एक उभ्या राहिलेल्या शिपायांची ओळ हीही फाईलच, आणि बुद्धिबळाच्या पटावरील आठ उभ्या ओळींनाही तेच नाव मिळाले. संगणकाने हा शब्द कचेरीतूनच उचलला. १९५६ साली आलेल्या आय.बी.एम. ३५० या यंत्रात माहिती साठविण्यासाठी ५० तबकड्या होत्या. तेथे ना कागद, ना दोरा. नाव मात्र फाईलच.

फिटरची कानस तेवढी या घराण्यातली नव्हे. तिचे इंग्रजी नाव जुन्या इंग्रजीतील अगदी निराळ्या शब्दापासून आले. उच्चार जुळला म्हणून नाते जुळतेच असे नाही.

उलट, रक्ताचे नाते नसताही कल्पना जुळतात. शासकीय मराठीत फायलीला नस्ती म्हणतात. हिंदीतील नत्थी तिचीच बहीण. संस्कृतात 'नस्ता' म्हणजे जनावराच्या नाकाला वेसणीसाठी पाडलेले छिद्र. टोचावे आणि दोरीत ओवावे, हेच दोन्हीकडे सुचले. आम्ही सरकारी नोकरीत असताना पुठ्ठ्याच्या फायलीत कागदांना भोके पाडून टॅग ओवला जाई आणि पानांवर क्रमांक पडत. जुने सूत असे टिकून राहिले होते.

आपल्याकडे पूर्वी कागद रुमालात बांधीत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद अशाच रुमालांत राहिले. बडोदे संस्थानच्या सेवेतून निवृत्त झालेल्या गो. स. सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादिले.

सुटा कागद काय घडले ते सांगतो; ते का घडले, हे त्याच्या मागचे-पुढचे कागद सांगतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या घरांतून मोडी कागदांची गाठोडी अजून असतील. वाटण्या होतात तेव्हा सनद एका भावाकडे जाते, तिच्यासंबंधीची पत्रे दुसऱ्याकडे, आणि हिशेबाचे बंद रद्दीत. मग सनद भिंतीवरच्या चौकटीत मिरवते खरी, पण मुकी होते. म्हणून आमची एवढीच विनंती, की कागदांची छायाचित्रे घेण्यासाठीसुद्धा गाठोडे सोडण्यापूर्वी कोणता कागद कोणत्या कागदाखाली होता, हे टिपून ठेवावे. मोडी वाचणारा उद्याही मिळू शकेल. एकदा विस्कटलेला क्रम मात्र त्यालाही लावून देता येणार नाही.