स्वीडनमधील १७६७ ची शेगडी : जळणाची टंचाई, राजसत्ता आणि गृहतापन

इ. स. १७६७ मध्ये स्वीडनच्या राज्यमंडळाने कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियन व्रेडे ह्या दोघा उमरावांकडे एक काम सोपविले. घरे ऊबदार राखण्यासाठी लागणारे लाकूड कमी करता येईल अशी शेगडीची रचना त्यांनी शोधून काढावयाची होती. क्रोनस्टेट हा राजवास्तूंचा अधीक्षक म्हणून काम केलेला वास्तुशास्त्रज्ञ होता. घरातील शेगडीसारख्या सामान्य वस्तूच्या सुधारणेसाठी राज्याच्या सर्वोच्च मंडळाने पुढाकार घ्यावा आणि ते काम अशा दर्जाच्या माणसांकडे द्यावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तिचा उलगडा स्वीडनच्या हिवाळ्यात पुरेसा सापडत नाही. हिवाळा त्यापूर्वीही तितकाच कडक होता. तो शोधावा लागतो लोखंडाच्या व्यापारात.

अठराव्या शतकात स्वीडनचे लोखंड ही त्या देशाची मुख्य निर्यात होती आणि इंग्लंड हे तिचे मोठे गिऱ्हाईक होते. हे लोखंड दगडी कोळशावर नव्हे, तर लाकडी कोळशावर तयार होई. आपल्याकडील लोणारी ज्याप्रमाणे लाकडे रचून त्यांवर मातीचे लिंपण घालून कोळसा पाडीत, त्याच रीतीने, परंतु कितीतरी मोठ्या प्रमाणावर, मध्य स्वीडनमधील बेरिस्लागेन ह्या खाणप्रदेशाच्या आसपासचे शेतकरी कोळसा पाडून भट्ट्यांना पुरवीत. फालूनच्या तांब्याच्या खाणीत तर खडक फोडण्यासाठीही लाकूड लागे. खडकाशी रात्रभर जाळ लावून तो तडकवावयाचा, ही तेथील जुनी पद्धत होती. ह्या दोन्ही उद्योगांवर राज्याचे उत्पन्न अवलंबून असल्यामुळे जंगल ही राज्याच्या दृष्टीने खाणीइतकीच मोलाची वस्तू होती. घडीव लोखंडाचे कारखाने खाणींपासून दूर हलवावेत आणि खाणींजवळचे लाकूड धातू वितळविणाऱ्या भट्ट्यांसाठी राखावे, असे धोरण बराच काळ चालू होते. १७४७ मध्ये कारखानदारांची ‘येर्नकोंटोरेट’ ही संस्था स्थापन झाली, आणि त्याच सुमारास लोखंडाच्या उत्पादनावर मर्यादाही घालण्यात आल्या. अशा वातावरणात शहरातील दिवाणखान्यांत जळणारे प्रत्येक ओंडके हे भट्टीतून चोरलेले इंधन आहे, अशी दृष्टी राज्यकर्त्यांची व्हावी ह्यात नवल नाही.

येथे एका वादाची नोंद घेणे आवश्यक आहे. अठराव्या शतकातील युरोपात लाकडाचा दुष्काळ पडला होता, हे मत पूर्वी सर्वमान्य होते. योआखिम राड्काउ ह्या जर्मन इतिहासकाराने १९८० नंतरच्या आपल्या लेखनात त्यावर मूलगामी आक्षेप घेतला. टंचाईची ओरड ही बहुधा जंगलावर हक्क सांगू पाहणाऱ्या सत्तेची आणि कारखानदारांची भाषा होती, असे त्याचे म्हणणे आहे. जंगलातून सरपण आणणाऱ्या आणि गुरे चारणाऱ्या शेतकऱ्याला दूर सारण्यास ती उपयोगी पडे. स्वीडनच्या बाबतीत हा आक्षेप बराचसा पटण्याजोगा आहे. देशाचा फार मोठा भाग जंगलाने व्यापलेला असताना देशव्यापी दुष्काळाची कल्पना करणे कठीण जाते. परंतु लाकूड ही वजनाच्या मानाने फार जागा व्यापणारी वस्तू आहे. बर्फावरून घसरगाडीने किंवा होडीने नेता येईल तेथवरच ती परवडते. त्यामुळे खाणींभोवती आणि स्टॉकहोमसारख्या शहरात टंचाई खरी असू शकते, आणि शंभर मैलांवर त्याच लाकडाला कोणी विचारीत नाही. राड्काउचा आक्षेप मान्य करूनही १७६७ च्या शेगडीमागील चिंता खोटी ठरत नाही; ती कोणाची चिंता होती, एवढे मात्र स्पष्ट होते.

क्रोनस्टेट आणि व्रेडे ह्यांनी शेगडी नव्याने शोधली असे नाही. फरशांनी मढविलेली बंद शेगडी जर्मन प्रदेशांतून स्वीडनमध्ये फार पूर्वीच आली होती. स्वीडिश भाषेत तिला ‘काकेलुंग्न’ म्हणतात. (मराठीत शेगडी ह्या शब्दाने निखाऱ्यांचे छोटे पात्र डोळ्यांपुढे येते. ही शेगडी खोलीच्या कोपऱ्यात जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत उभी असते, हे येथे लक्षात ठेवावे.) लाकूड वाचविण्याचा विचारही नवा नव्हता. फ्रान्झ केस्लर ह्याने १६१८ मध्ये जर्मन भाषेत ह्याच विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले होते आणि धुराला वळणे देण्याची युक्ती त्यात आहे. मोंतेञ्य ह्याने तर सोळाव्या शतकातच ह्या प्रश्नाची सांस्कृतिक बाजू टिपून ठेवली आहे. फ्रेंच लोक जर्मन शेगडीला ज्या कारणांनी नावे ठेवीत, त्याच कारणांनी आउग्सबुर्ग येथील एक जर्मन गृहस्थ फ्रेंच अग्निकुंडाला नावे ठेवीत असल्याचे पाहून त्याला मौज वाटली होती.

तरीही जुन्या काकेलुंग्नमध्ये एक मोठा दोष होता. तिच्यातील धूर बहुतांशी सरळ वर जाऊन धुराड्यात शिरे. उघड्या अग्निकुंडात जळणातील उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच खोलीच्या वाट्याला येते, उरलेली आकाशात जाते. बंद शेगडीत ही गळती पुष्कळ कमी होई, पण थांबत नसे. नव्या रचनेत जाळाच्या कोठडीतून निघालेला तप्त धूर प्रथम वर चढतो, मग दोन्ही बाजूंच्या विटांच्या नळ्यांतून खाली उतरतो आणि पुन्हा मागच्या बाजूने वर चढून मगच धुराड्यास मिळतो. ह्या प्रवासात तो आपली उष्णता विटांच्या आणि फरशांच्या जाड भिंतींना देऊन टाकतो. मराठी वाचकाला चुलीच्या वैलाचे उदाहरण पुरेसे आहे. मुख्य जाळाखालून निसटणारी आच शेजारच्या भांड्याखाली वळवावयाची, हीच तेथील कल्पना. स्वीडनमध्ये भांड्याऐवजी भिंत तापविली गेली. जाळ विझल्यावर धुराड्याच्या तोंडाशी असलेली झडप बंद करावयाची, म्हणजे साठलेली उष्णता वर निघून न जाता कित्येक तास खोलीत झिरपत राहते. सकाळी एकदा आणि कडक थंडीत संध्याकाळी पुन्हा एकदा जाळ केला की काम भागे. क्रोनस्टेटने ही रचना १७७५ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, आकृत्यांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या नावातच लाकडाच्या बचतीचा उल्लेख आहे.

ह्या रचनेचे खरे महत्त्व मात्र तिच्या कर्त्यांना अभिप्रेत नसलेल्या एका गुणात आहे. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वायुरूपाने बाहेर पडतो. हे वायू सुमारे सहाशे अंश सेल्सिअस इतक्या तापमानाला आणि भरपूर हवेत पेटतात; तेवढी आच किंवा तेवढी हवा न मिळाल्यास तेच वायू धूर, काजळी आणि डांबर होऊन धुराड्याला चिकटतात किंवा शेजाऱ्याच्या घरात शिरतात. काटकसरीचा सर्वांत सोपा दिसणारा मार्ग म्हणजे हवा कोंडून जाळ मंद ठेवणे, ओंडके रात्रभर धुमसू देणे. हा मार्ग घातक आहे, कारण त्यात जळणाचा सत्त्वांशच न जळता बाहेर जातो. स्वीडिश शेगडीत जाळ मंद ठेवण्याची गरजच उरली नाही. विटांच्या राशीत उष्णता साठविता येत असल्यामुळे चिरून वाळविलेला भूर्जवृक्षाचा सरपा मोकळ्या हवेत तासाभरात भडभडून जाळता येई, आणि असा जाळ जवळजवळ निर्धूर असतो. जळणाच्या बचतीसाठी योजिलेल्या उपायातून स्वच्छता अशी आपोआप निपजली.

ह्याच काळात अटलांटिकपलीकडे झालेला एक प्रयत्न तुलनेसाठी उपयुक्त आहे. बेंजामिन फ्रँक्लिन ह्याने १७४४ मध्ये ‘पेन्सिल्व्हेनियन’ शेगडीचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथेही कारण तेच होते : वस्तीजवळचे लाकूड संपत चालले होते आणि ते दुरून आणावे लागे. धुराला खाली वळवून उष्णता काढून घेण्याची कल्पनाही तीच. परंतु फ्रँक्लिनला जाळ डोळ्यांना दिसावा असे वाटे. जर्मन शेगडीत अग्नीचे दर्शन होत नाही, ही त्याची तक्रार होती. त्याने लोखंडाचा उपयोग केला. लोखंड लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून जाळ सतत ठेवावा लागतो. शिवाय थंड शेगडीत धूर खाली उतरण्यास तयार होत नसे व खोलीतच पसरे. पुढे इतरांनी तिच्यात फेरफार केले आणि फ्रँक्लिनचे नाव धारण करणाऱ्या बहुतेक शेगड्यांत त्याची मूळ धूरवाट उरली नाही. ह्या शोधाचे एकाधिकारपत्र त्याने नाकारले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शेगडी फसली असताना ह्या औदार्याची वाखाणणी थोडी अधिकच झाली आहे.

स्वीडनमध्ये शेगडीचा संबंध लवकरच उष्णतेच्या शास्त्राशीही आला. औषधविक्रेता आणि रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले ह्याने हवा आणि अग्नी ह्यांवरील आपल्या १७७७ च्या ग्रंथात शेगडीच्या उघड्या दारासमोरील प्रयोग वर्णिले आहेत. दारातून सरळ रेषेत येणारी आच हवेच्या प्रवाहाने ढळत नाही, काचेच्या तावदानातून प्रकाश येतो पण ती आच अडते, असे त्याने दाखविले आणि प्रारणरूप उष्णता ही हवेबरोबर वाहणाऱ्या उष्णतेहून निराळी ठरविली. थंड देशातील माणूस जन्मभर ज्या दारासमोर हात शेकतो, तेथेच हा शोध लागावा हे स्वाभाविक होते.

नव्या शेगडीचा प्रसार प्रथम जहागीरदारांच्या वाड्यांत आणि श्रीमंत नागरिकांच्या घरांत झाला. रोरस्ट्रांड (१७२६) आणि मारीबेर्ग (१७५८) येथील मृत्पात्रांच्या कारखान्यांनी तिच्यासाठी झिलईदार, रंगविलेल्या फरशा केल्या. खेड्यातील सामान्य घरात मात्र स्वयंपाकाचे उघडे अग्निकुंडच दीर्घकाळ टिकले. एकोणिसाव्या शतकात फरशांचे कारखानी उत्पादन वाढले, तेव्हा स्टॉकहोमच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडांत खोलीगणिक एक शेगडी दिसू लागली. पूर्वी हिवाळ्यात सारे कुटुंब एका जाळाभोवती गोळा होई. आता वेगवेगळ्या खोल्यांत वावरणे शक्य झाले. ह्यातच बचतीच्या हेतूला छेद देणारी गोष्ट दडलेली आहे. एका खोलीस लागणारे लाकूड कमी झाले, पण तापविल्या जाणाऱ्या खोल्या वाढल्या. राज्यमंडळाने लोखंडासाठी वाचवू पाहिलेले लाकूड नागरिकांनी आपल्या सुखासाठी खर्च केले, असे म्हणण्यास जागा आहे. भट्ट्यांतील कोळशाची मोठी बचत शेवटी भट्ट्यांतच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुस्ताफ एकमान ह्याच्या प्रयत्नांनी रुजलेल्या लँकाशायर पद्धतीने ती साधली.

ह्या स्वच्छ आणि सुखद ऊबेची किंमत कोणी चुकविली, ह्याचा विचार शेगडीवरील सचित्र ग्रंथांत क्वचितच आढळतो. पहाटे मालक निजलेले असताना खोल्या-खोल्यांतून सरपण वाहून नेणे, राख काढणे आणि जाळ लावणे हे मोलकरणींचे काम होते. झडप केव्हा बंद करावयाची ह्याचा निर्णयही बहुधा त्यांच्याकडेच असे, आणि तो जिवावरचा होता. उशीर झाला तर उष्णता वाया जाई. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असताना घाई केली तर विषारी वायू खोलीत कोंडे. हा वायू म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन ह्यांचे संयुग आहे, हे विल्यम क्रूकशँक ह्याने १८०० च्या सुमारास दाखविले. निळी ज्योत गेल्यावाचून झडप लावू नये, एवढे मोलकरणीला मात्र ठाऊक असावेच लागे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्यवर्ती तापनयंत्रणेमुळे शहरांतील असंख्य शेगड्या विझल्या. अनेक घरांतून त्या पाडून टाकण्यात आल्या, तर काही केवळ शोभेसाठी राहिल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर लाकडाकडे पुन्हा लक्ष गेले, तेव्हा अमेरिकेत घट्ट बंद होणाऱ्या लोखंडी शेगड्यांचा सुकाळ झाला. त्या रात्रभर धुमसत ठेवल्या जात, आणि दऱ्याखोऱ्यांतील गावांवर हिवाळी धुराचे आच्छादन पसरे. अखेर १९८८ मध्ये तेथील केंद्र सरकारला नव्या लाकडी शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घालाव्या लागल्या. स्वीडनमध्ये त्याच सुमारास जुन्या काकेलुंग्न पुन्हा पेटू लागल्या. कित्येक ठिकाणी पाडलेल्या शेगड्यांच्या फरशा जपून ठेवल्या होत्या. त्यांवरून शेगडी जशीच्या तशी उभारता आली. विटांतील धूरवाटा मात्र कारागिराला नव्याने बांधाव्या लागत, आणि धुराड्याला चीर गेलेली नाही हे तपासून घेतल्यावरच पहिला जाळ करता येई.