पाण्यात उभा ऊस तहानेने का मरतो?

उन्हाळ्यात कुरुंदवाडहून शिरोळ तालुक्यातील कोणत्याही गावाची वाट धरा. हिरव्यागार उसाच्या मधोमध पांढरी, ओसाड पट्टी दिसल्यावाचून राहणार नाही. ही क्षारपड जमीन. तेथे थोडे खणले की पाणी लागते, आणि तरीही तेथला ऊस वाळतो. आपल्यापैकी कित्येकांचे पोट अशाच रानांवर अवलंबून आहे. म्हणून या कोड्याची हकिगत आपण जाणून घेतली पाहिजे.

तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १७४८ साली नोले नावाच्या धर्मगुरूने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड जनावराच्या मूत्राशयाच्या पातळ पडद्याने बांधले व भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पडदा टम्म फुगला. सुई टोचताच आतून चिळकांडी उडाली. बाहेरचे पाणी पडद्यातून आत शिरले होते! पुढे द्युत्रोशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने वनस्पतींत व प्राण्यांत हीच क्रिया चालते हे दाखविले. आपल्या पुस्तकांत तिला परासरण म्हणतात.

आपल्या घरातील बायाबापड्यांना हे नावावाचून ठाऊक आहे. शिरखुर्म्याची खारीक रात्री भिजविली की सकाळी फुगते. उलट कैरीच्या फोडींना मीठ चोळले की त्यांना पाणी सुटते. पेशीचा पडदा पाण्याला सहज वाट देतो, विरघळलेल्या क्षारांना मात्र बव्हंशी अडवितो. त्यामुळे पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते.

१८७७ साली जर्मनीच्या फेफर यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्यात कृत्रिम पडदा तयार करून हा दाब मोजला. एक टक्का साखरेच्या पाण्याने सुमारे ५३ सेंटिमीटर पारा तोलून धरला. साखरेच्या मुलखातील आपणांस हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे! त्याच सुमारास हॉलंडचे द फ्रीस वनस्पतींच्या पेशी मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. पेशीतील जीवद्रव्य आक्रसून भिंतीपासून सुटे. क्षारपड रानात उसाच्या मुळांवर असेच संकट येते. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खारट झाले की मुळाला ते ओढता येत नाही.

फेफर यांचे आकडे द फ्रीस यांच्याकडून व्हान्ट हॉफ यांना कळले. त्यांनी १८८५ ते १८८७ या काळात त्यामागील नियम मांडला. १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले. योगायोग पाहा, १८८५ सालीच आपल्याकडे नीरा डावा कालवा सुरू झाला, आणि पुढील काही दशकांत त्याच्याखालील काळ्या जमिनी क्षारपड होऊ लागल्या. तिकडे उत्तर मिळत होते, इकडे प्रश्न तयार होत होता.

पडद्यातून पाणी नेणारी सूक्ष्म प्रथिनद्वारे अमेरिकेच्या पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ च्या सुमारास ओळखली. त्यांना २००३ साली नोबेल मिळाले.

आता आपल्या रानाकडे वळू. पाटाने वारेमाप पाणी दिले की भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पांढरे दिसले म्हणून आणखी पाणी सोडणे हा उपाय नव्हे. निचरा नसेल तर रोग वाढतो. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने तालुक्यातील अनेक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप घातले. क्षार पाण्याबरोबर त्यांतून बाहेर पडतात. जमीन चोपण झाली असेल तर जिप्समही लागते. खर्च मोठा आहे, आणि पाईपचे पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला न्यायचे असल्याने एकट्या शेतकऱ्याला हे काम जमत नाही. अख्ख्या शिवाराचे एकमत व्हावे लागते, आणि बांधावरची भांडणे आपल्याला नवीन नाहीत.