जुन्या विमानांतील विद्युद्योजना आणि प्रक्षेपाचा प्रश्न

समासांत कोणीं लिहिलेली टीप पुढील लेखक मूळांत घेतो आणि दोन पिढ्यांनंतर ती ग्रंथकाराचीच मानली जाते, हा अनुभव हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवा नाहीं. पिंपळगांव राजा येथें जुन्या पोथ्या तपासतांना आम्ही जो नियम पाळतों, तोच जुन्या विमानांसही लावणें अवश्य आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं पस मॉथ जातीच्या विमानानें कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस, जुहू येथें, टपाल आणिलें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें मद्रासेकडे नेलें. त्या विमानांत रेडिओ नव्हता. परंतु ‘रेडिओरहित’ आणि ‘विद्युद्रहित’ हीं दोन विधानें भिन्न होत. इंजिनास लागणारी ठिणगी मॅग्नेटोपासून मिळे. चुंबक व तारेचें वेटोळें यांच्या योगानें, इंजिनाच्याच गतीवर वीज उत्पन्न करणारें हें यंत्र असून त्यास बॅटरीची अपेक्षा नसते. म्हणूनच या वर्गांतील विमानांचें इंजिन प्रोपेलर हातानें फिरवून चालू करीत.

असें विमान आज उडवावयाचें तर रेडिओ व दिवे यांसाठीं बॅटरी, जनित्र, मुख्य कळ आणि फ्यूज यांची योजना करावी लागते. मोटारगाडींत धातूचा सांगाडाच विजेच्या परतीची वाट होतो. लांकूड व कापड यांच्या पंखांत ती सोय नसल्यानें टोकावरील दिव्यास परतीची स्वतंत्र तार न्यावी लागते. बॅटरीच्या वजनानें गुरुत्वमध्य सरकतो. होकायंत्राजवळून प्रवाह गेल्यास सुई ढळते, म्हणून तें पुन्हां तपासावें लागतें. मॅग्नेटोच्या ठिणग्यांमुळें रेडिओंत खरखर उठते, यास्तव त्याच्या तारांस धातूचें आवरण घालतात. मात्र बॅटरीची नवी योजना मॅग्नेटोच्या मंडलाशीं जोडूं नये. दोन्ही पृथक् असल्यास बॅटरी निकामी झाली तरी इंजिन चालूच राहतें. मूळ व पुरवणी यांची सरमिसळ येथें केवळ पाठदोष नसून प्राणसंकट ठरूं शकते.

दुसरें संकट पुराव्याचें आहे. सन १९८२ मध्यें टाटा यांनीं त्या उड्डाणाची पुनरावृत्ति केली, ती लेपर्ड मॉथ विमानानें. ही जात प्रथम १९३३ सालीं उडाली; अर्थात् १९३२ च्या विमानाविषयीं तें साक्षी होऊं शकत नाहीं. हा भेद निदान नांवावरून तरी कळतो. परंतु जुन्याच सांगाड्यांत नोंद न करितां ओढलेल्या तारेस नांव नसतें. तिच्यासाठीं पाडलेलीं छिद्रें पाहून उद्यांचा संशोधक टपालाचीं आद्य विमानें रेडिओयुक्त होतीं असा सिद्धान्त मांडील, आणि त्यास खोडून काढण्यास साधन उरणार नाहीं.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करितांना अधिक श्लोक नष्ट केले नाहींत. ते तळटीपांत व परिशिष्टांत वेगळे दाखविले. तीच रीति येथें ग्राह्य आहे. नवी योजना खुशाल करावी. पण कोणती तार कोणत्या दिवशीं, कोठून नेली, किती वजन वाढलें, याची नोंद विमानाच्या वहींत असावी आणि काढलेला मूळ भाग चिठ्ठी लावून जपावा. असें केल्यास विमान उडेल आणि त्याची साक्षही शाबूत राहील.