चार्ल्सटननं वाळीत टाकलेले न्यायाधीश

मुलं अमेरिकेतल्या शाळेत जायला लागली की ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हे नाव कधी ना कधी घरात येतंच. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानं वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, असं सांगणारा १७ मे १९५४ चा हा निकाल. पण त्याचं मध्यवर्ती सूत्र तीन वर्षं आधीच एका फेडरल न्यायाधीशानं आपल्या अल्पमताच्या निकालपत्रात लिहून ठेवलं होतं. ज्युलियस वेटीज वेअरिंग हे त्यांचं नाव. ते तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात नवल नाही.

वेअरिंग यांचा जन्म १८८० चा, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमधला. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेले. वेअरिंग पुढे शहराचे वकील झाले, आणि १९३८ मध्ये ‘कॉटन एड’ स्मिथ या कट्टर वर्णभेदवादी सिनेटरचा चार्ल्सटनमधला प्रचार त्यांनीच सांभाळला. १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना फेडरल जिल्हा न्यायाधीश नेमलं, तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. हा माणूस काही उलटंपालटं करील, असं वाटण्याचं कुणालाच कारण नव्हतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फेडरल न्यायाधीशाला अध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते, आणि मग ते पद तहहयात असतं. पगार कमी करता येत नाही. महाभियोगाशिवाय कुणी हटवू शकत नाही. वेअरिंग यांच्या पुढच्या दहा वर्षांत ही तरतूद कसाला लागली.

१२ फेब्रुवारी १९४६. सैन्यातून त्याच दिवशी मुक्त झालेला सार्जंट आयझॅक वुडर्ड गणवेशातच बसनं घरी निघाला होता. चालकाशी त्याची बाचाबाची झाली. बेट्सबर्ग गावात पोलीसप्रमुखानं त्याला उतरवून घेतलं आणि दंडुक्यानं मारलं. त्या मारानं त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. फेडरल सरकारनं खटला भरला, तो वेअरिंग यांच्यापुढे आला. सरकारी वकिलांनी तो इतका ढिसाळपणे चालवला की न्यायाधीशच अस्वस्थ झाले. सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं अर्ध्या तासाच्या आत आरोपीला निर्दोष सोडलं. वेअरिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ कोर्टात होत्या, त्या रडत बाहेर पडल्या. त्यानंतर दोघं रात्री दक्षिणेतल्या वर्णव्यवहारावरची पुस्तकं वाचू लागली. ज्या समाजात आयुष्य काढलं, त्याचा अभ्यास वेअरिंग यांनी साठी उलटल्यावर सुरू केला! याच वुडर्डची हकिगत ऐकून अध्यक्ष ट्रूमन हादरले होते. १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश त्यांनी काढला, त्यामागच्या कारणांत ती एक होती.

१९४७ मध्ये मतदानाचा प्रश्न आला. दक्षिण कॅरोलायनात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक. पक्ष ही खाजगी संस्था आहे, असं दाखवण्यासाठी राज्यानं प्राथमिक निवडणुकीबाबतचे सगळे कायदेच रद्द करून टाकले होते. जॉर्ज एल्मोर यांच्या खटल्यात वेअरिंग यांनी ही पळवाट बंद केली. दक्षिण कॅरोलायनानं आता संघराज्यात परत यावं, असंही निकालात सुनावलं. पुढच्या वर्षी पक्षानं मतदाराला वर्णभेदाच्या समर्थनाची शपथ घ्यायला लावली. तीही त्यांनी रद्द केली.

मग क्लॅरेंडन काउंटी. पालकांची पहिली मागणी फक्त शाळेच्या बसची होती. गोऱ्या मुलांना बस होत्या, यांना नव्हत्या. थर्गुड मार्शल समान सोयींसाठी लढायला आले, तेव्हा १९५० च्या नोव्हेंबरमध्ये वेअरिंग यांनीच त्यांना सुचवलं, की थेट वेगळेपणालाच आव्हान द्या. असा दावा तीन न्यायाधीशांपुढे जाणार, तिथे आपण एकटे पडणार, पण अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाईल, हा त्यांचा हिशेब होता. १९५१ मध्ये तसंच झालं. निकाल दोन विरुद्ध एक लागला. वेगळं ठेवणं हीच विषमता, हे वाक्य त्या ‘एका’चं. तोच ब्रिग्ज खटला पुढे ब्राउनमध्ये सामील झाला.

या सगळ्याची किंमत? मराठीत ‘वाळीत टाकणं’ म्हणतात, अगदी तेच. जुने मित्र बोलेनासे झाले, आमंत्रणं थांबली, घराजवळ क्रॉस जाळला गेला, खिडक्यांवर दगड आले. विधिमंडळात त्यांच्याविरुद्ध महाभियोगाची मागणी करणारे ठराव झाले. पद मात्र कुणाला हिरावता आलं नाही.

विरोधक म्हणत, हा सगळा सूड आहे. १९४५ मध्ये वेअरिंग यांनी पहिल्या पत्नीला घटस्फोट दिला आणि उत्तरेकडच्या एलिझाबेथशी लग्न केलं. त्यामुळे प्रतिष्ठितांनी त्यांना दूर केलं, म्हणून ते उलटले, असा तर्क. पण तारखा पाहा. कृष्णवर्णीय शिक्षकांना समान वेतन देण्याचा त्यांचा आदेश १९४४ चा, म्हणजे घटस्फोटाच्या आधीचा. अर्थात, तेव्हा ते प्रस्थापित कायदाच लागू करत होते. वेगळेपणाच्या मुळावर घाव घालण्याची तयारी वुडर्डनंतरची. बहिष्कारानं ती धार वाढली असेल. सुरुवात मात्र एका खटल्यानं केली, असं मला वाटतं.

आणखी एक नोंद हवीच. वेअरिंग यांना पगाराची हमी होती. ज्यांच्या नावानं खटला चालला, त्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, पत्नी एलायझा यांचंही मोटेलमधलं काम गेलं. त्यांच्या मागे कुठलीच घटनात्मक तरतूद उभी नव्हती. न्यायाधीशाचं धैर्य मोजताना या दोघांना शेजारी उभं करायला हवं. त्यांनी सही केली नसती, तर वेअरिंग यांना लिहायला काही मिळालंच नसतं.

१९५२ मध्ये वेअरिंग निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेले. जानेवारी १९६८ मध्ये वारले, आणि चार्ल्सटनमध्येच त्यांना पुरण्यात आलं. अंत्यविधीला सुमारे दोनशे कृष्णवर्णीय माणसं आली होती. गोरी जेमतेम डझनभर. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. तिला आधी माजी सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज यांचं नाव होतं. ते काढून वेअरिंग यांचं द्या, असं हॉलिंग्ज यांनी स्वतःच सुचवलं होतं. कधी चार्ल्सटनला गेलात, तर घोडागाडीच्या सहलीतून वेळ काढून मीटिंग स्ट्रीटवरची ती इमारत जरूर पाहा.